थायरॉइडची गोळी आणि डॉ. केंडल



आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा. दोन-चार जणी तरी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीबद्दल बोलत असतात. कुणाचा डोस वाढलेला असतो, कुणाचे केस गळत असतात, तर कुणी नुकतेच नॅचरल गोळीवर गेलेले असते. हा शेवटचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाला कारखान्यातले रसायन नको असते, दुसऱ्याचा डॉक्टरांच्या शब्दावर भरवसा असतो. हा वाद नेमका कशाबद्दल आहे हे समजायला एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचे आयुष्य फार उपयोगी पडते. त्यांचे नाव एडवर्ड कॅल्विन केंडल.

केंडल यांचा जन्म ८ मार्च १८८६ रोजी कनेटिकट राज्यातल्या साउथ नॉरवॉक या गावी झाला. वडील दंतवैद्य होते. मुलाचा ओढा मात्र रसायनशास्त्राकडे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. म्हणजे केंडल डॉक्टर होते ते रसायनशास्त्राचे, रोगी तपासणारे नव्हेत.

पहिली नोकरी डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत लागली. काम दिले होते थायरॉइड ग्रंथीतले कार्यकारी द्रव्य वेगळे काढण्याचे. पण तिथे काही त्यांचे मन रमले नाही. पाचेक महिन्यांतच त्यांनी नोकरी सोडली, तो विषय मात्र सोडला नाही. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्यांनी तेच काम पुढे चालू ठेवले आणि १९१४ मध्ये ते मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकमध्ये आले.

त्या काळी थायरॉइडवर उपचार काय होता? १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईला बरे केले होते. अंगावर सूज, सतत थंडी वाजणे, मंदावलेले बोलणे अशी तिची अवस्था होती. या उपचारावर ती पुढे १९१९ पर्यंत जगली. तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. लवकरच टोचण्याऐवजी ग्रंथी वाळवून, दळून तिच्या गोळ्या निघाल्या. ज्याला आज नॅचरल थायरॉइड म्हणतात ते औषध हेच. आता ते डुकराच्या ग्रंथीपासून करतात, एवढाच फरक.

औषध गुणकारी होते यात शंका नाही. अडचण वेगळीच होती. ग्रंथीच्या भुकटीत औषधी द्रव्य नेमके किती हे कुणालाच ठाऊक नव्हते. १८९५-९६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बाउमान यांनी थायरॉइडमध्ये आयोडीन असते हे दाखवले होते, पण ते कशाशी जोडलेले आहे हे कोडेच होते. एका जनावराची ग्रंथी दुसऱ्यासारखी नसते. मग रोग्याला किती द्यायचे? कमी पडले तर आजार तसाच, जास्त झाले तर छातीत धडधड. केंडल यांना शोध हवा होता तो यासाठी. ज्याचे वजन करता येईल असे शुद्ध द्रव्य त्यांना हाती घ्यायचे होते.

१९१४ च्या डिसेंबरमधली गोष्ट. केंडल प्रयोगशाळेत ग्रंथीच्या अर्कातले अल्कोहोल उडवत बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळे अल्कोहोल उडून गेले होते आणि भांड्यात कोरडा थर उरला होता. दुसरा कुणी असता तर भांडे धुऊन टाकले असते. केंडल यांनी त्यात पुन्हा अल्कोहोल घातले. पिवळट भाग विरघळला, पांढरा भाग तसाच राहिला आणि त्या पांढऱ्या भागात आयोडीन भरपूर निघाले. ऐन नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९१४ रोजी, त्यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले. त्यालाच पुढे थायरॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्या रिपोर्टवर टी-४ म्हणून छापलेले असते ते हेच.

पण डुलकीतून मिळालेले यश टिकवायला पुढे काही वर्षे घाम गाळावा लागला. १९१९ मध्ये केंडल यांनी हिशेब मांडला तो असा: सुमारे ३ टन ताज्या डुकराच्या ग्रंथींतून जेमतेम ३३ ग्रॅम थायरॉक्सिन! एवढ्या महागड्या औषधाने घरोघरचे रोगी कसे बरे होणार?

यावर उपाय एकच होता. रेणूची रचना ओळखायची आणि तो प्रयोगशाळेतच तयार करायचा. इथे मात्र केंडल चुकले. थायरॉक्सिनमध्ये आयोडीनचे ३ अणू आहेत आणि त्याचा सांगाडा इंडोल जातीच्या संयुगांचा आहे अशी त्यांची ठाम समजूत झाली. थायरॉक्सिन हे नावही त्याच समजुतीतून आले. त्या चुकीच्या नकाशावर त्यांची कित्येक वर्षे गेली. बरोबर रचना १९२६ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन या त्यांच्याहून ११ वर्षांनी लहान असलेल्या शास्त्रज्ञाने शोधून काढली. आयोडीनचे अणू ४ निघाले आणि सांगाडा टायरोसिन या अमिनो आम्लाचा. १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी थायरॉक्सिन कृत्रिमरीत्या बनवले. एडिंबरोत ते रोग्यांना देऊन पाहिले आणि गुण आला. केंडल यांनी दिलेले नाव राहिले, रचना मात्र हॅरिंग्टन यांची ठरली.

इतक्या वर्षांच्या मेहनतीचे श्रेय असे निसटल्यावर कुणीही खचले असते. केंडल दुसऱ्या ग्रंथीकडे वळले. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून त्यांनी १९३० च्या दशकात एकामागून एक संयुगे वेगळी केली. त्यातले एक, संयुग ई, पुढे कॉर्टिसोन म्हणून जगाला माहीत झाले. इथेही तोच अनुभव आला. जनावरांच्या ढीगभर ग्रंथींतून चिमूटभर द्रव्य! ते रसायनशाळेत तयार होऊ लागले तेव्हाच रोग्यापर्यंत पोहोचले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयोतले त्यांचे सहकारी फिलिप हेन्च यांनी सांधेदुखीने जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला पहिले इंजेक्शन दिले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. १९५० चे वैद्यकातले नोबेल केंडल, हेन्च आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना मिळून देण्यात आले. मोठ्या डोसचे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. द्रव्य शरीरातलेच असले तरी मात्रा चुकली की अपाय होतोच, हे केंडल यांच्या या दुसऱ्या शोधाने शिकवले.

१९५१ मध्ये मेयोतून निवृत्त झाल्यावर केंडल प्रिन्स्टनला गेले आणि शेवटपर्यंत संशोधन करत राहिले. ४ मे १९७२ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. योगायोग असा की हॅरिंग्टनही त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

आता पुन्हा आपल्या जेवणाच्या रांगेकडे येऊ.

कृत्रिम गोळी, म्हणजे लीव्होथायरॉक्सिन, १९५० च्या दशकात वापरात येऊ लागली. त्याआधीचे थायरॉक्सिन पोटातून नीट शोषले जात नसे. १९४९ च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार आला आणि ती अडचण दूर झाली. या गोळीतला रेणू आणि आपल्या गळ्यातल्या ग्रंथीत तयार होणारा रेणू अगदी एकच आहे. कृत्रिम आहे ती बनवण्याची रीत, रेणू नव्हे!

मग नॅचरल गोळीत वेगळे काय? तिच्यात टी-४ बरोबर टी-३ हे दुसरे संप्रेरकही असते. ते १९५२ मध्ये सापडले, म्हणजे केंडल स्फटिक काढत होते तेव्हा त्याचा पत्ताच नव्हता. डुकराच्या ग्रंथीत साधारण ४ भाग टी-४ ला १ भाग टी-३ असे प्रमाण असते. माणसाच्या ग्रंथीतून टी-३ याहून पुष्कळ कमी स्रवते. त्यामुळे ही गोळी घेतल्यावर काही तासांत टी-३ एकदम चढते आणि काहींना धडधडते. आपले शरीर टी-४ पासून लागेल तसे टी-३ स्वतः बनवते, हे १९७० मध्ये सिद्ध झाले. डॉक्टर बहुधा फक्त टी-४ देतात ते यामुळेच. शिवाय टी-४ रक्तात आठवडाभर टिकते, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

नॅचरलवाल्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखेही नाही. २०१३ मध्ये ७० रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला दोन्ही औषधे आळीपाळीने दिली होती आणि कोणती केव्हा ते कुणालाच सांगितले नव्हते. एकंदर लक्षणांत फरक दिसला नाही. तरी जवळजवळ निम्म्या रोग्यांनी ग्रंथीची गोळी पसंत केली, १९ टक्क्यांनी कृत्रिम, आणि बाकीच्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या. रिपोर्ट नॉर्मल येऊनही थकवा जात नाही असे कुणी म्हणत असेल तर ती तक्रार खोटी समजू नये. अशा वेळी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जावे, शेजारणीची बाटली आणू नये.

केंडल यांना छळणारा मात्रेचा प्रश्न ग्रंथीच्या गोळीला अजून चिकटलेला आहे. अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये अशा काही गोळ्या द्रव्य कमी किंवा जास्त भरल्यामुळे बाजारातून परत घ्याव्या लागल्या. या औषधाला एफडीएची मंजुरी कधीच मिळालेली नव्हती आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एफडीएने त्याविरुद्ध पावले उचलण्याचा इरादा जाहीर केला. तुम्ही ते घेत असाल तर पुढे काय करायचे हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

आणखी तीन गोष्टी. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की बाटलीवरचा नॅचरल हा शब्द वनस्पतीसाठी नाही, डुकराच्या ग्रंथीसाठी आहे. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर ग्रंथीची गोळी टाळावी असा वैद्यकीय सल्ला आहे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला आईचे टी-४ लागते. अर्थात बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, गोळी परस्पर बंद करू नये. आणि कुठलीही गोळी घ्या, ती रोज त्याच वेळी, उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. गोळी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा.

उद्या सकाळी ती इवलीशी गोळी जिभेवर ठेवाल तेव्हा ३ टन ग्रंथी आणि ३३ ग्रॅमचा तो हिशेब जरूर आठवा. केंडल यांची रचना चुकली, पण रोग्याला नेमके किती द्यायचे हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपणही गोळी निवडताना तोच प्रश्न आधी विचारावा.

काळजी घ्या. पुढच्या कार्यक्रमात भेटूच!