देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४

जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ज्यांचं नाव आहे, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असतानाच आई गेली, वडिलांनी वाढवलं. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पुढचं उच्च शिक्षण झालं नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीतच शिकवत राहिले.

शाळा सांभाळून त्यांचा संख्यांशी खेळ चालायचा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचं जन्मवर्षच घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२

पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४! सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

इथेच मुलांना बीजगणित दाखवता येतं. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते. दोन्ही पदांना ९ ने भाग जातो. म्हणजे प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यातच हवी. नसेल तर वजाबाकी चुकली! मूल स्वतःच स्वतःचं गणित तपासतं.

कापरेकर संख्या (४५² = २०२५, २० + २५ = ४५) आणि अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या हर्षद संख्या हे गटही त्यांचेच. तेव्हा काही गणितज्ञांना हे क्षुल्लक वाटलं. मास्तर थांबले नाहीत, स्वतः पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

वर्गातलं एखादं मूल वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसलं असेल, तर रागावण्याआधी ते पान एकदा वाचून बघा.