रांगेबाहेरचा विद्यार्थी

४ नोव्हेंबर २००८. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाजवळच्या मतदान केंद्राबाहेर मी उभा होतो. सकाळपासून रांग लागलेली. मी परदेशी विद्यार्थी, मला मत नव्हते. सगळे गाव लग्नाला निघावे आणि आपल्याला आमंत्रणच नसावे, तसे वाटले. तेव्हा याच विद्यापीठात शिकलेल्या भीमराव आंबेडकरांची आठवण झाली.

१९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते इथे आले. ते शिकत असतानाच, २ नोव्हेंबर १९१५ रोजी, स्त्रियांना मताधिकार द्यावा का, यावर न्यूयॉर्क राज्यात मतदान झाले. मत देणारे सगळे पुरुष. त्यांनी नकार दिला. आंबेडकरांचे गुरू जॉन ड्यूई मात्र स्त्रियांच्या बाजूचे होते. १९१७ च्या नोव्हेंबरात तो हक्क मिळाला, तेव्हा आंबेडकर मायदेशी परतले होते.

इथेही मत थोड्यांनाच होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी स्त्री-पुरुष सर्व प्रौढांसाठी मताधिकार मागितला. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने तो दिला. पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब स्वतः पराभूत झाले. ज्यांच्या हाती मत यावे म्हणून ते झगडले, त्यांना 'नाही' म्हणण्याचाही हक्क मिळाला होता.

पुण्यात मतदानाच्या सुट्टीला मी एकदा सिंहगडावर गेलो होतो. त्या संध्याकाळी खोलीवर परतताना त्याची लाज वाटली.