मराठी शब्द वेचणारा परदेशी : जेम्स मोल्सवर्थ

कुणाला जुनी नाणी जमवण्याचा नाद असतो, कुणाला रंगीत खड्यांचा, तर कुणाला तांब्यापितळेच्या भांड्यांचा. या नादांना पैसा लागतो, आणि पैसा नसला तरी ठेवायला जागा तरी लागतेच. एक नाद मात्र असा आहे की त्याला पैसा लागत नाही, कपाट लागत नाही, आणि जमवलेली वस्तू दुसऱ्याला दिली तरी आपल्याजवळची कमी होत नाही. तो नाद म्हणजे शब्द जमवण्याचा.

आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत अशाच एका शब्दवेड्या माणसाचे चरित्र भगिनींपुढे ठेवावे असे मनात आले. तो माणूस ना आपल्या गावचा, ना आपल्या देशाचा, ना आपल्या धर्माचा. मराठी ही त्याची मायबोलीही नव्हे. तरीसुद्धा आपल्या आजीपणजीच्या तोंडचे हजारो शब्द आज कागदावर शाबूत आहेत, याचे मोठे श्रेय त्याला आणि त्याच्याबरोबर बसून काम करणाऱ्या आपल्या शास्त्रीमंडळींना द्यावे लागते. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे त्याचे नाव.

मोल्सवर्थ यांचा जन्म १५ जून १७९५ रोजी झाला. वयाची सोळा वर्षे होतात न होतात तोच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. ज्या वयात आपल्याकडची मुले शाळेच्या शेवटच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा घरदार सोडून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाइतक्या दूर अंतरावर येऊन पडला. आजूबाजूला बोलली जाणारी भाषा अनोळखी. सैन्यातील अधिकाऱ्यांना शिपायांशी आणि लोकांशी बोलता यावे म्हणून देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. त्यासाठी मोल्सवर्थ मराठी आणि हिंदुस्थानी शिकले. इतर अधिकारी परीक्षा होताच पुस्तक मिटून ठेवीत. यांचे तसे झाले नाही. परीक्षा संपली, पण भाषेची गोडी सुटली नाही.

त्या काळी मराठी शिकणाऱ्याची अडचण केवढी होती, याची आज कल्पना येणार नाही. मराठीत छापील पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८१० साली एक मराठी कोश छापला होता, आणि १८२४ साली व्हान्स केनेडी यांचा कोश मुंबईस निघाला. परंतु बाजारात, शेतात, देवळात आणि माजघरात जी मराठी नांदत होती, तिच्या मानाने हे कोश फार लहान पडत. अडलेला शब्द पुस्तकात सापडत नसे. मग तो माणसालाच विचारावा लागे. मोल्सवर्थ विचारू लागले, ऐकू लागले आणि लिहून ठेवू लागले. संग्रहाचे मूळ हे असे गरजेत होते. पण शब्द वेचणाऱ्याला एकदा का त्यातली चव कळली की गरज मागे पडते आणि आनंदच पुढे चालतो. तसेच येथे झाले.

१८१८ साली पेशवाई संपली. मराठी मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला, आणि सरकारलाही लोकांची भाषा नीट जाणणे भाग पडले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२५ च्या सुमारास, मोठा मराठी–इंग्रजी कोश करण्याचे काम सरकारने मोल्सवर्थ यांच्याकडे सोपवले. त्यांच्या जोडीला जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे बंधू आले. हेही सैन्यातलेच. परंतु या कामाचा खरा कणा होता तो आपल्याकडील पंडितांचा. शास्त्रीमंडळी शब्द जमवून आणीत. मग एकेक शब्द पुढे घेऊन त्याचा अर्थ कोणता, तो कोण वापरतो, कोणत्या प्रांतात चालतो, पोथीतला की बोलण्यातला, अशी त्याची झडती घेतली जाई. सोनार जसा डाग कसोटीवर घासून पाहतो, तसे हे काम चाले. एक शब्द झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, असे दिवसांमागून दिवस आणि वर्षांमागून वर्षे.

या उद्योगातूनच १८२९ साली महाराष्ट्र भाषेचा कोश बाहेर पडला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा हा कोश. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले ही त्या कोशकारांची नावे. मोल्सवर्थ यांचे नाव घेताना ही नावे विसरणे म्हणजे देवळाचा कळस पाहून पाया विसरण्यासारखे होईल.

पुढे १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. चाळीस हजार! एखाद्या बाईने रोज दहा नवे शब्द वहीत टिपायचे म्हटले, तर एवढे शब्द व्हायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. आणि तेही एक दिवस खाडा न करता.

या कोशाचे मोठेपण केवळ आकड्यात नाही. विद्वान माणसे पुष्कळदा ग्रंथातल्या शब्दांना पाट मांडतात आणि घरातल्या शब्दांना उंबऱ्याबाहेर ठेवतात. मोल्सवर्थ यांनी असा भेद केला नाही. संस्कृतातून आलेला भारदस्त शब्द आणि मोटेवरच्या गड्याच्या तोंडचा शब्द, दोघांनाही त्यांनी एकाच पंगतीला बसवले. शब्द संस्कृत आहे, अरबी आहे, फारसी आहे की हिंदुस्थानी आहे, हे दाखवणाऱ्या खुणा केल्या. कोकणात चालणारा शब्द असेल तर तशी खूण केली. म्हणून बाजार हा फारसीकडून आला आणि वकील हा अरबीकडून, हे कोश चाळता चाळता सहज कळते. आपण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरचे समजत आलो, ते शब्द कधीकाळी पाहुणे म्हणून आले होते, हे कळल्यावर मोठी गंमत वाटते.

गृहिणीला तर या कोशात आपला संसारच मांडलेला दिसतो. मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड तेथे आहे. धान्याची कणगी आहे, जमिनीतले पेव आहे. आधण आहे, आणि आधणात तांदूळ सोडणे किंवा जात्यात दाणे घालणे याला म्हणतात ते वैरणेही आहे. पाखडणे निराळे आणि आसडणे निराळे, हे ज्या बाईने सूप हातात धरले आहे तिलाच कळते. पण तो भेद इंग्रजीत समजावून सांगण्याची खटपट या गृहस्थांनी केली. हात, डोळा, पाणी असे साधे शब्द उघडून पाहावेत, तर त्यांच्या पोटातून वाक्प्रचारांची रांगच्या रांग बाहेर पडते.

सर्वांत नवल वाटते ते नंदभाषेचे. व्यापारी, दलाल यांनी गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून आपसात बोलायची ही चोरटी बोली. तिच्यात केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन आणि पोकू म्हणजे चार. कापडाच्या दुकानात आपल्यासमोर भाव ठरत असे आणि आपल्यालाच कळत नसे, ते या शब्दांच्या जोरावर. दुकानदारांनी एवढे जपलेले गुपितही मोल्सवर्थ यांच्या कोशात येऊन बसले. असा दुर्मिळ शब्द हाती लागला तेव्हा त्या मंडळींना किती हर्ष झाला असेल, याची कल्पना शब्दांचा नाद असलेल्यालाच येईल.

परंतु या कामाने शरीराची किंमत घेतली. प्रकृती ढासळत गेली, आणि १८३६ साली मोल्सवर्थ यांना मायदेशी परतावे लागले. इंग्रजी–मराठी कोशाचे काम त्यांनी हाती घेतले होते, ते अर्धे राहिले. टॉमस कँडी यांनी ते पुढे नेटाने चालवून १८४७ साली पुरे केले.

मोल्सवर्थ हे अतिशय धर्मनिष्ठ होते. माणसे मारण्याचा पेशा आपल्या धर्माच्या शिकवणुकीशी जुळत नाही असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी सैन्यातील अधिकारपद सोडून दिले. एवढेच नव्हे, तर त्या नोकरीचे निवृत्तिवेतनही घेतले नाही. हाती आलेला हक्काचा पैसा मनाला पटत नाही म्हणून सोडणारी माणसे कोणत्याही काळी थोडीच. शब्दाचा अर्थ नेमका लागला पाहिजे असा ज्याचा आग्रह, त्याने आपल्या वागण्याचा अर्थही तसाच नेमका लावला, असे म्हणावेसे वाटते.

मराठीने मात्र त्यांना सोडले नाही. १८५१ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा हिंदुस्थानात आले. झालेले काम नव्याने तपासले, चुका काढल्या, राहिलेले शब्द घातले. १८५७ साली ही आवृत्ती निघाली, तेव्हा शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली होती. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला होता त्याच वर्षी मुंबईच्या छापखान्यातून हा शांतपणे जोपासलेला ग्रंथ बाहेर पडला. पुढे बाबा पदमनजी यांनी त्याची संक्षिप्त आवृत्ती तयार केली, ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ मायदेशी गेले आणि १८७१ साली इंग्लंडात निवर्तले. त्यानंतर मराठीत अनेक कोश झाले. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून १९३८ पर्यंत सात विभागांत निघाला. तरीही जुन्या शब्दाचा पत्ता लागेना की अभ्यासक आजही मोल्सवर्थ उघडतात.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. मोल्सवर्थ यांचे काम मुंबई इलाख्यातले. त्यामुळे कोकण आणि देश येथील शब्दांवर त्याचा मुख्य भर. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १९४८ पर्यंत तेथेच राहिला. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांना मान दिला जातो त्या मुकुंदराजांची समाधी आपल्या शेजारी अंबाजोगाईला आहे. म्हणजे मराठी भाषेचे हे जुने माहेरच. पण या माहेरचे शब्द विचारायला तेव्हा कुणी वही घेऊन दारोदार फिरले नाही. शिवाय कोशकारांची जी नावे आपल्याला माहीत आहेत, त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. चूल आणि जाते यांचे शब्द कोशात आले, ते पुरुषांच्या तोंडून आले. ज्या बायकांनी ते शब्द वापरून वापरून घासूनपुसून लखलखीत ठेवले, त्या पडद्याआडच राहिल्या.

आपल्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात, धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात, कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. जुन्या वाड्याच्या दाराशी ढेलज होती, भिंतीत धान्याचे बळद होते, वर माळवद होते. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवला जाई. घड्याळ नव्हते तेव्हा झुंजूमुंजू झाले की बाई उठे, आणि कासराभर दिवस वर आला की न्याहारी शेताकडे निघे. बैलाच्या दोरीने सूर्याची उंची मोजणारी ही भाषा! आता मळणी यंत्रावर होते, तेव्हा तिवडा गेला. पीठ गिरणीतून येते, तेव्हा जाते कोपऱ्यात गेले. वस्तू गेली की शब्द पोरका होतो. त्याला ओळखणारी एखादी म्हातारी असते तोवर तो जगतो. ती गेली की तिच्याबरोबर तोही जातो, आणि त्याची कुठे नोंद होत नाही.

भगिनींनो, मोल्सवर्थ यांच्यासारखे साठ हजार शब्द आपल्याला जमवायचे नाहीत. पण त्यांच्या अंगी जे दोन गुण होते, ते आपल्याला अशक्य नाहीत. एक, विचारण्याची लाज न वाटणे. आणि दुसरा, ऐकलेले त्याच दिवशी टिपून ठेवणे. सासूबाई, आजी, शेजारच्या काकू, शेतात कामाला येणारी मावशी, या प्रत्येकीजवळ अशी एक शिदोरी आहे की जी ती स्वतःहून सोडणार नाही, पण प्रेमाने विचारले तर रिकामी करील. मंडळात एक साधी वही ठेवावी. जिला आठवेल तिने शब्द लिहावा, त्याचा अर्थ लिहावा, आणि तो कोणत्या कामात वापरीत तेही लिहावे. ज्या बाईने शब्द सांगितला तिचे नाव शब्दापुढे लिहायला मात्र विसरू नये. लिहिता न येणाऱ्या आजीबाईंनी सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या नातीने लिहून घ्यावे. नातीला शब्द मिळेल, आणि आजीला कुणीतरी आपल्याला विचारते आहे हे सुख मिळेल.

परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाने आपल्या भाषेपायी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. आपल्याला तर फक्त आपल्याच घरातले उचलून ठेवायचे आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत त्या वहीची निदान काही पाने भरलेली असावीत, एवढीच इच्छा.