संपादक मौलाना हसरत मोहानी

विद्यार्थ्यांनो, हसरत मोहानींच्या गझला तुम्ही उर्दूत वाचल्या असतील. आज त्यांना संपादक म्हणून भेटा.

उन्नाव जिल्ह्यातील मोहान हे त्यांचे गाव. १९०३ साली त्यांनी अलीगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. १९०८ मध्ये त्यात इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा लेख छापून आला. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. सरकारने नाव विचारले. हसरतांनी ते सांगितले नाही, सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. नाव सांगून कदाचित सुटताही आले असते!

त्यांना सक्तमजुरी झाली. दंडापायी त्यांची पुस्तके कवडीमोलाने विकली गेली. पुस्तके जमवणाऱ्यालाच हे दुःख कळेल. तुरुंगात ते रोज जाते ओढत. जाते म्हणजे तुमची चक्की. धान्य दळता दळता ते शेरही रचत. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनाही 'केसरी'तील लेखांबद्दल शिक्षा झाली. हसरत टिळकांना फार मानत.

सुटल्यावर मासिक पुन्हा निघाले. १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. १९२५ मध्ये कानपूरच्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे संविधान सभेचे सदस्य झाल्यावरही ते रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानेच प्रवास करीत. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले.