ठेका सापडलेला माणूस : सी. रामचंद्र

होस्टेलवर मला सगळे ‘डीजे’ म्हणतात. माझं खरं नाव आता फक्त मेसच्या रजिस्टरात आणि एटीकेटीच्या यादीतच सापडतं. गेल्या गॅदरिंगला मी दीड तास वाजवलं. पोरं घाम निघेपर्यंत नाचली, सरांनीही थोडे पाय हलवले, वॉचमनकाकांनी दोनदा येऊन आवाज कमी करायला सांगितला. म्हणजे कार्यक्रम यशस्वी! पण वायरी गुंडाळताना एका ज्युनिअरने विचारलं, की यातलं तुझं स्वतःचं काय होतं? त्याने आपलं सहज विचारलं. मला मात्र उत्तर देता आलं नाही. गाणी दुसऱ्यांची, रिमिक्स दुसऱ्यांचे, ढोलाचे लूपसुद्धा डाउनलोड केलेले. माझा काय, तर फक्त पेनड्राइव्ह!

मी पिंप्राळ्याचा. जळगावकरांना पिंप्राळा आषाढी एकादशीच्या रथामुळे माहीत आहे. माझे पप्पा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. लहानपणी लग्नसराईत ते पहाटे घरी यायचे, ओठ सुजलेले असायचे आणि खिशात माझ्यासाठी बुंदीची पुडी असायची. आता सुपाऱ्या कमी झाल्या. ज्या वरातीत पूर्वी पप्पा वाजवायचे, तिथे आता माझ्यासारखाच कोणीतरी लॅपटॉप उघडून उभा असतो. घरात या विषयावर कोणी बोलत नाही. पण जेवताना कधीकधी सगळे एकदम गप्प होतात, तेव्हा कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर पप्पा मागच्या खोलीत एक धून वाजवत होते. उडती, नाचरी. मला वाटलं, काहीतरी नवीन असेल. पप्पा म्हणाले की १९५१ सालच्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ आहे, चाल सी. रामचंद्रांची. वर हेही म्हणाले की तो माणूस तुझ्याच धंद्यातला होता, लोकांना नाचवण्याच्या. मला सी. रामचंद्र म्हटलं की फक्त ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आठवायचं. म्हणून वाचायला बसलो, आणि मग सबमिशन बाजूला राहिलं ते राहिलंच.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, पुणतांब्याचा. गोदावरीकाठचं हे गाव तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. मनमाडहून दौंडकडे जाताना लागतं, आपल्यापासून फार लांब नाही. शिक्षण अगदी सोवळ्यातलं म्हणावं असं. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे ते शास्त्रीय गाणं शिकले.

पण स्वप्न होतं हीरो होण्याचं! वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये नायकाची भूमिका मिळालीसुद्धा. पुढे मात्र गाडी अडली. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटीमोठी कामं करावी लागली. तिथेच बिंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांच्या साथीला ते हार्मोनियमवर बसू लागले. हीरो व्हायला आलेला माणूस पेटीवाला झाला. आपल्यापैकी किती जणांना हवी ती ब्रँच मिळाली नाही, ते आठवा. यांनाही मिळाली नव्हती. पण त्या पेटीवर बसून त्यांनी चाल कशी बांधतात, वादक कसे बसवतात हे सगळं बघून घेतलं.

स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांत. पुणतांब्याच्या माणसाची सुरुवात मद्रासकडच्या पडद्यावर! मग १९४२ मध्ये भगवान पालव यांनी ‘सुखी जीवन’ दिला. भगवान म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, मारधाडीचे स्वस्तातले चित्रपट काढणारा. दोघांची जोडी जमली ती पुढे अनेक वर्षं.

इथे एक गंमत सांगतो. आमच्या लाइनमध्ये प्रत्येक जण आधी नाव शोधतो, आवाज नंतर. अण्णांनीही बरीच नावं वापरली. काही चित्रपटांत राम चितळकर, काहींत अण्णासाहेब, एकात तर श्यामू. गायचे तेव्हा नुसतं चितळकर. शेवटी सी. रामचंद्र हे नाव टिकलं. पण ते टिकलं त्या नावाखाली ऐकू येणाऱ्या आवाजामुळे. हे वाचल्यावर माझ्या लॅपटॉपवर चिकटवलेलं इंग्रजी नावाचं स्टिकर मी काढून टाकलं.

तर तो आवाज सापडला कसा? अण्णांवर प्रभाव होता बेनी गुडमन या अमेरिकन वादकाचा. स्विंग संगीताचा राजा म्हणून तो ओळखला जाई, आणि त्याचं वाद्य होतं क्लॅरोनेट! पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण वाद्य पुसून पेटीत ठेवताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

स्विंग म्हणजे काय, ते थोडं इंजिनिअरिंगच्या भाषेत. एका ठोक्याचे दोन सारखे भाग करायचे नाहीत. पहिला लांब ठेवायचा, दुसरा आखूड. एवढ्याने ताल झुलायला लागतो. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो त्यात ‘स्विंग’ नावाची एक पट्टी आहे. ती सरकवली की कोरडे ठोके हलायला लागतात. ती पट्टी मी दोन वर्षं सरकवत होतो, नाव कुठून आलं याचा पत्ता नव्हता. आता आपला केरवा बघा. मात्रा ८. पाश्चात्त्य चारच्या तालात तो अलगद बसतो. म्हणून देशी चाल आणि विलायती ठेका यांची सोयरीक जमू शकते. फक्त जमवणारा हवा.

जमवायला अण्णांच्या मदतीला होते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत ते लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले असत. संध्याकाळी हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत, असं त्यांचं आयुष्य. संगीतकाराने चाल सरगममध्ये सांगायची आणि यांनी ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला वाटून द्यायची. दोन वेगळ्या सिस्टिम जोडणारा इंटरफेसच म्हणा ना! आल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ उर्फ चिक चॉकलेट हे त्यातलं मोठं नाव. ट्रम्पेटवादक, मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवणारे.

१९४७ च्या ‘शहनाई’त ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आले, शिट्टीसुद्धा आली. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ तर परदेशी चालीवरूनच घेतलेलं. म्हणजे उचलाउचल त्यांनीही केली. हे वाचून मला आधी बरं वाटलं. पण फरक असा, की ते तिथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. भगवान आणि गीता बाली नाचले, चिक चॉकलेट आणि त्यांचं पथक पडद्यावरही दिसलं, आणि लताबाईंबरोबर स्वतः चितळकर गायले. त्याच चित्रपटात पिलू रागातली अंगाईही आहे. नाचवणारा आणि झोपवणारा माणूस एकच!

१९५२ च्या ‘शिनशिनाकी बूबला बू’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन असा सगळा ताफा होता. आणि लगेच १९५३ मध्ये ‘अनारकली’. तिथे भीमपलासी. विनायकबुवांकडचं शिक्षण कुठे गेलं नव्हतं. १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ आलं, किशोरकुमारांच्या आवाजात एकदा आणि आशाबाईंच्या आवाजात एकदा. बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या चकण्याच्या बडबडीवरून ते सुचलं असं सांगतात. जॉन गोम्स या गोव्याच्या सहायकाने त्यात ‘मला नको’ या अर्थाचे कोकणी शब्द घातले म्हणे. ज्या गाण्याला धड अर्थ नाही, ते अजून आपल्या गॅदरिंगला वाजतं. मी स्वतः वाजवलंय!

मग २७ जानेवारी १९६३. चीनच्या युद्धाला जेमतेम दोन महिने झालेले. दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. चाल अण्णांची. बोंगो-सॅक्सोफोनवाल्या माणसाने इथे वाद्यं मागे ठेवली आणि शब्द पुढे येऊ दिले. कुठे काय वाजवायचं नाही, हे कळणं सगळ्यात अवघड. आम्हाला तर बेस कमी करणंच जिवावर येतं.

साठच्या दशकात त्यांच्याकडचे हिंदी चित्रपट कमी होत गेले. जमाना बदलला, ठेके बदलले. जो स्वतः नवा आवाज घेऊन आला होता, तो नव्यांच्या मागे पडला. पण ते बसून राहिले नाहीत. ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ हे मराठी चित्रपट काढले, त्यांत कामही केलं, गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला चाली दिल्या, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत ते गेले.

योगायोग बघा. त्याच १९८२ साली मुंबईतच चरणजित सिंग नावाच्या वादकाने रोलँड कंपनीची सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले तोंडात बोटं घालून बघत राहिले. म्हणजे अण्णांनी दाखवलेला रस्ता बंद झाला नव्हता, फक्त वाद्यं बदलली होती.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी पप्पांसमोर माइक ठेवला. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. पप्पांनी क्लॅरोनेटवर त्यांची एक जुनी वरातीची धून वाजवली. मी तिच्याखाली केरवा बसवला आणि स्विंगची पट्टी थोडी सरकवली. पप्पांनी हेडफोन लावून ऐकलं आणि सांगितलं, की तुझा ठेका पळतोय, नवरदेवाच्या घोड्यालाही दम लागेल. बरोबर होतं त्यांचं. वेग कमी केला. मग ते परत वाजवायला बसले, आणि आईने येऊन ओरडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले होते.

तुकडा अजून पूर्ण झालेला नाही. मधला भाग जमत नाहीये, रूमपार्टनर रोज ऐकून वैतागलाय. पण पुढच्या गॅदरिंगला तो वाजवणार. पप्पांनाही बोलावलंय, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. आणि त्या ज्युनिअरने परत विचारलं, तर आता माझ्याकडे निदान दीड मिनिटाचं उत्तर आहे.