खताचा खड्डा शिकवणारे साहेब : सर आल्बर्ट हॉवर्ड



आपल्या काचीगुड्याचे नाव कशावरून पडले, असे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. इथे पूर्वी काछी लोकांची वस्ती होती, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. काछी म्हणजे भाजीपाला पिकवणारे लोक. आज ज्या भागात रिक्षा आणि बसच्या गर्दीतून वाट काढत आपण शाळा गाठतो, त्याला माळवं पिकवणाऱ्यांचे नाव आहे! आपल्यापैकी अनेकांची मूळ घरेही नांदेड, परभणी, बीदर, आदिलाबाद या भागांतल्या शेतीवर उभी राहिली. म्हणूनच सुट्टीत गावी गेलेली मुले परत येताना एक प्रश्न घेऊन येतात. काका म्हणतात, युरिया घातल्याशिवाय पीक येत नाही. आजोबा म्हणतात, युरियानेच जमीन मेली. मग खरे कोणाचे?

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर धसास लावला, त्या सर आल्बर्ट हॉवर्ड यांची ओळख या अंकात करून घेऊ. जगभर त्यांना सेंद्रिय शेतीच्या जनकांपैकी एक मानतात. पण त्यांची खरी शाळा भरली ती भारतात, आणि तिचा शेवटचा वर्ग होता होळकरांच्या इंदुरात.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या रोगांचा अभ्यास करायला गेले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. रोगांवर संशोधन करायला प्रयोगशाळा होती, पण स्वतःचे पीक घेऊन पाहायला स्वतःचे शेत नव्हते. ज्याने कधी पीक काढले नाही, त्याने शेतकऱ्याला सल्ला कसा द्यायचा? हा काटा त्यांच्या मनात कायमचा रुतून बसला.

१९०५ मध्ये ते भारत सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा येथील संशोधन केंद्रात आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. सूर्यप्रकाशावर पाने अन्न कसे तयार करतात, यावर त्यांचे महत्त्वाचे संशोधन झाले होते. पुढची पंचवीस वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. पुसा ४ आणि पुसा १२ या गव्हाच्या प्रसिद्ध जाती या दोघांच्या कष्टाचे फळ. आल्बर्ट यांचे नाव झाले, गॅब्रिएल मागे राहिल्या. आपल्या शाळेतल्या मुलींनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे.

पुसा येथे हॉवर्डना हवे होते ते मिळाले : स्वतः कसण्यासाठी ७५ एकर जमीन. साहेबाने आल्या आल्या शेतकऱ्यांना शिकवायला सुरुवात करावी, असा तो काळ. हॉवर्ड मात्र उलट वागले. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी रासायनिक औषधे न वापरता निरोगी पीक कसे काढतात, हे ते विद्यार्थ्यासारखे पाहू लागले. कीड आणि रोग यांनाही त्यांनी गुरू मानले. कीड पडली की कोणते औषध मारू, असे न विचारता जमिनीत किंवा बियाण्यात काय चुकले, असे ते विचारत. त्यांच्या बैलांच्या गोठ्याला लागून, एका बुटक्या कुंपणापलीकडे दुसरा गोठा होता आणि तिथे लाळ-खुरकत येत असे. आजारी जनावरांशी नाकाला नाक लावूनही आपले बैल आजारी पडले नाहीत, याची त्यांनी नोंद केली आणि सकस चाऱ्याला त्याचे श्रेय दिले. निरीक्षण मोलाचे होते. पण थोड्याशा बैलांवरून मोठा सिद्धान्त काढता येत नाही, हेही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे. लाळ-खुरकतीसाठी आज लस टोचावीच लागते.

पुसा येथे एक अडचण त्यांना सारखी बोचत होती. गहू सुधारणारा एका विभागात, माती तपासणारा दुसऱ्या आणि कीड पाहणारा तिसऱ्या. पीक मात्र शेतात एकच असते! म्हणून माती, पाणी, बी, जनावरे आणि माणसे यांचा एकत्र विचार करणारी संस्था त्यांना हवी होती. ती १९२४ मध्ये इंदूर येथे उभी राहिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला, तर होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. जुन्या मंडळींना आठवत असेल, एके काळी काचीगुड्याहून मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, अकोला, खंडवा करत इंदूर गाठता येत असे. त्या वाटेवरची काळी कपाशीची जमीन ज्यांनी खिडकीतून पाहिली आहे, त्यांना हॉवर्ड कोणत्या मातीत काम करत होते हे वेगळे सांगायला नको.

कपाशीच्या शेतकऱ्याची अडचण साधी होती. विकतचे खत परवडत नाही आणि शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. मग जमिनीला द्यायचे काय? हॉवर्ड यांनी शेतकऱ्याच्या उकिरड्याकडे पाहिले. चीन आणि जपानमधले शेतकरी काडीकचरा कुजवून शेकडो वर्षे जमिनीचा कस टिकवतात, हे अमेरिकन लेखक किंग यांच्या पुस्तकातून त्यांना ठाऊक होते. यशवंत वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून थोड्या शेणातून भरपूर खत करण्याची रीत शास्त्रशुद्ध बसवली. तीच पुढे जगभर इंदूर पद्धत म्हणून गाजली.

रीत समजायला सोपी आहे. फार खोल नसलेला खड्डा घ्यायचा. त्यात पालापाचोळा, तण, पऱ्हाट्या, गोठ्यातला ओला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. कडक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाके त्यांचा आपोआप चुरा करत. खड्ड्यात ओल हवी, पण चिखल नको. हवा खेळावी म्हणून ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. आधी बुरशी आणि मग जीवाणू आपले काम करतात, ढीग तापतो, आणि सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार होते. हिंदीत ज्याला खाद म्हणतात, ते जमिनीचे खरोखरच खाद्य असते.

ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या पद्धतीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रज साहेबाच्या नावाशेजारी एका मराठी माणसाचे नाव त्या काळी मुखपृष्ठावर आले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी महात्मा गांधी इंदूरला आले, तेव्हा तेही ही संस्था पाहून गेले. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत हा खड्डा पोहोचला. १९३४ मध्ये हॉवर्डना सर हा किताब मिळाला.

पण मानसन्मानाने ते गप्प बसले नाहीत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी हवेतला नत्र वापरणारे कारखाने वाढले होते. युद्धानंतर तोच नत्र खत म्हणून शेतात येऊ लागला. नत्र, स्फुरद आणि पालाश एवढे दिले की झाले, हा विचार हॉवर्डना अर्धवट वाटे. १९४० मध्ये आलेल्या ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट या पुस्तकात त्यांनी आपले म्हणणे मांडले. जंगलात कोणी खत घालत नाही, तरी जमीन थकत नाही. कारण जे मातीतून येते ते मातीत परत जाते. जमिनीच्या सुपीकतेचा माणसाच्या आरोग्याशी संबंध त्यांनी जोडला, तो कुन्नूर येथील डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या आहार-संशोधनाच्या आधाराने. हीच कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये आपल्या हैदराबादेत आली. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच! २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले.

आता सांगा, हॉवर्ड यांचे सगळे बरोबर होते का? नाही. रासायनिक खताने जमीन लवकरच निकामी होईल, असा त्यांचा सूर होता. पण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या प्रयोगात केवळ रासायनिक खतावरचा गहू आजही चांगला येतो. मात्र त्याच प्रयोगात शेणखत मिळालेल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे आहे.

पर्यावरणाचा हिशोबही असाच नीट मांडावा लागतो. शेतात टाकलेल्या रासायनिक नत्रापैकी जवळपास अर्धा भाग पिकाला मिळतच नाही. काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. जादा नत्र-स्फुरदाने पाण्याचे काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या हुसेनसागरात ते सांडपाण्यातून येतात, आणि पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरते. सेंद्रिय शेतीत माती ओल धरून ठेवते, गांडुळे आणि मधमाश्या टिकतात, कारखान्यातले इंधन वाचते. पण तिचे उत्पन्न सरासरीने सुमारे वीस-पंचवीस टक्के कमी येते. तेवढेच धान्य पिकवायला जास्त जमीन लागणार, ती कोणाचे तरी रान तोडूनच. चिखल झालेल्या ढिगातून मिथेन वायू सुटतो, आणि शेणखत भलत्या वेळी घातले तर त्याचाही नत्र वाहून जातो. १९६५-६६ च्या दुष्काळात परदेशातून गहू मागवावा लागलेल्या आपल्या देशाला पुढे सुधारित बियाणे आणि खतांनी हात दिला, हे विसरता येत नाही. आणि २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, तेव्हा पीक घटले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली.

मग काका खरे की आजोबा? माझ्या मते काकांनी युरियाचे पोते उचलण्याआधी माती तपासून घ्यावी, आणि आजोबांनी उकिरड्याचा खड्डा नीट भरावा. दोघांनी एकमेकांचे ऐकले तर जमीन वाचेल. जमिनीकडून घेतले ते जमिनीला परत द्यायचे, एवढा हॉवर्ड यांचा धडा कोणत्याही वादात खोटा ठरत नाही.

तो शिकायला शेत लागत नाही. शाळेच्या मागे आपण खताचा खड्डा केला तेव्हा पहिल्यांदा आमची फजितीच झाली. डब्यांतले उष्टे आणि भाजीची साले तेवढी टाकली, वर पाणी ओतले; आठवड्यात असा वास सुटला की शेजारी विचारायला आले! चूक माझी होती. ओल्या कचऱ्याला कोरड्या पाल्याची जोड हवी, हे वाचले होते, पण हाताने केले नव्हते. मग आवारातला पाचोळा जाळणे बंद करून तो खड्ड्यात घातला, मुलांनी ढीग हलवला, आणि वास गेला. ज्याने कधी केले नाही त्याने सांगू नये, हे हॉवर्ड यांचे म्हणणे मला तेव्हा पटले.

मुलांनो, पुढच्या शनिवारी घरून एक पिशवी वाळका पाला आणा. आणि सुट्टीत गावी गेलात की आजोबांना इंदूरच्या खड्ड्याची गोष्ट जरूर सांगा.

तुमची,
मुख्याध्यापिका