उसाचा केवडा लगेच दिसतो, बाईचा दिसत नाही. ताटातली उणीव मोजणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट

बारामती/इंदापूर : उसाची पानं पिवळी-पांढरी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की शेतकरी बांधावरूनच सांगतो, केवडा पडलाय, लोह कमी पडलंय. लगेच दुकानातून हिराकस येतं, फवारणी होते. माती परीक्षणाच्या कागदावर जस्त किती, लोह किती, पालाश किती, हे आपल्याकडं पोरंसुद्धा वाचतात. पण त्याच घरात वैरणीचा भारा आणताना दम लागणारी, डोळ्याखाली पांढरट पडलेली बाई कुणाच्या नजरेत येत नाही. तिच्या ताटात लोह किती आहे, हे कुणी बघत नाही.

गरिबाच्या ताटात नेमकं काय आहे आणि काय कमी आहे, हे प्रयोगशाळेत मोजण्यात आयुष्य घालवलेली एक मराठी बाई होऊन गेली. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. १९७५ मध्ये आणीबाणी असताना कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून निर्भीडपणे उभ्या राहिलेल्या दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण.

बाई म्हणून नाकारलं

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत तयार झालेले. आपणही तिथंच जायचं, हे कमलाबाईंच्या मनात लहानपणापासून होतं. १९३३ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदवी घेतली, तीही वरच्या नंबरानं. मग बंगळुरूला अर्ज केला.

त्या संस्थेचे संचालक होते नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. मार्क कमी होते म्हणून नाही, तर अर्ज करणारी बाई होती म्हणून. दुसरी कुणी असती तर घरी परतली असती. कमलाबाईंवर गांधीजींच्या विचारांचा पगडा होता. त्या थेट बंगळुरूला जाऊन रामन यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि सत्याग्रहाची तयारी दाखवून अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही, काम पसंत पडलं तरच पुढं ठेवायचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं आणि मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ द्यायचा नाही. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

वर्षभरात रामन यांना त्यांचं काम पटलं. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

डाळ, दूध आणि बटाटा

बंगळुरूला श्रीनिवासय्या नावाच्या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. साध्या माणसाच्या रोजच्या खाण्यावर तेव्हा आपल्या देशात असा अभ्यास फार कमी होत होता. १९३६ मध्ये एमएस्सी झाल्यावर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. ज्यांच्या प्रयोगांमुळं जीवनसत्त्वांची गोष्ट जगाला पटली आणि ज्यांना १९२९ चं नोबेल मिळालं, त्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तिथं होती. पोट भरलं तरी अन्नात थोड्या प्रमाणात लागणारी काही तत्त्वं नसतील तर शरीर वाढत नाही, हे हॉपकिन्स यांनी दाखवलं होतं.

तिथं जागा नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या शास्त्रज्ञानं आपलं टेबल दिवसा त्यांना वापरायला दिलं. पुढं रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी हा पदार्थ सापडला. पेशीच्या श्वसनाला तो लागतो आणि त्याच्या गाभ्यात लोह असतं. या कामावर त्यांनी अवघ्या १४ महिन्यांत, जेमतेम ४० पानांचा प्रबंध लिहून पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

परदेशात राहता आलं असतं, पण १९३९ मध्ये त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच प्रयोगशाळा पुढं हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आज कुठल्या धान्यात काय किती आहे याचे सरकारी तक्ते तिथूनच निघतात.

वालाची उसळ आणि नीरा

१९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न होऊन कमलाबाई मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत नव्या जीवरसायनशास्त्र विभागात शिकवू लागल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन गरिबाच्या खाण्यातला एकेक पदार्थ तपासायला घेतला. कडधान्यं, वाल, तांदळाचं पीठ असे रोजचे जिन्नस त्यात होते. वालात प्रथिनं भरपूर, पण ती पचू न देणारा एक घटकही त्यात असतो, हे त्यांच्या गटाच्या कामातून पुढं आलं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवायची जुन्या बायकांची रीत किती शहाणपणाची होती, ते यावरून कळतं.

आपल्याकडं नीरा म्हटलं की नदी आणि डावा कालवा आठवतो. दुसरी नीरा म्हणजे ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी त्यावर काम सुरू केलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचंही दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळी मिळालं नाही, चार वर्षं ताटकळत राहावं लागलं. निवृत्तीनंतर त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत रमल्या. भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी ओळखता यावी म्हणून त्यांनी साधी तपासणी पेटी तयार केली. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्या सोहळ्यातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आपल्या ताटाचं परीक्षण

कमलाबाईंचं काम बारामती-इंदापूरच्या घरात आजही लागू पडतं. पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. पण बागायती पट्ट्यात बाजरी, मटकी, हुलगा मागं पडला. सकाळचं दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. पोट भरतंय म्हणजे सगळं मिळतंय, असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांत रक्त कमी आढळलं.

आणि इथंच खरी मेख आहे. सरकारी शिफारशीप्रमाणं पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. म्हणजे जिला जास्त लागतं, तीच सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते.

ताटाचं परीक्षण करायला खर्च नाही. वहीत चार-पाच दिवस घरातल्या प्रत्येकानं काय खाल्लं ते वेगवेगळं लिहायचं. पानं बाईपासून सुरू करायची. मग बघायचं :

लोह : बाजरी, हळीव, पालेभाजी, कडधान्य रोज आहे का? १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. नुसत्या गुळाच्या खड्यानं भागत नाही.

क जीवनसत्त्व : लिंबू, पेरू, आवळा, मोड आलेली मटकी. जेवणात लिंबू पिळलं तर धान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं.

अ जीवनसत्त्व : शेवग्याचा पाला, पपई, गाजर. संधिप्रकाशात पोराला नीट दिसत नसेल तर थेट दवाखाना गाठावा.

कॅल्शियम : दूध, ताक, नाचणी, तीळ.

बी १२ : हे दूध, अंडी, मासे, मटणातूनच मिळतं. शाकाहारी घरात सगळं दूध डेअरीला घातलं तर ते येणार कुठून? जे मासे खातात त्यांना भिगवणचा बाजार जवळ आहे.

वहीवरून ताटातली उणीव कळते, रक्तातली नाही. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशा पूर्ण घ्याव्यात. संडासला काळी होते म्हणून पुष्कळ जणी मध्येच सोडतात, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. लोहाच्या कितीतरी गोळ्यांत असतं ते क्षार उसाच्या हिराकसातलंच, फक्त माणसासाठी शुद्ध करून, मोजून दिलेलं. म्हणून कुणी शेतातलं हिराकस पोटात घ्यायचं नाही, ते विषारी ठरतं.

पुढच्या वेळी माती परीक्षणाला नमुना द्यायला निघाल, तेव्हा घरातल्या बाईलाही बरोबर घ्या आणि वाटेत आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासून या.